जुनी हार्ड डिस्क नव्या संगणकात : बूट न होण्याच्या कारणांची मीमांसा

१. प्रश्नाचे स्वरूप

विद्यापीठातील एखाद्या विभागात पंधरावीस वर्षे वापरलेला संगणक अखेर एके दिवशी बंद पडतो. कधी त्याचा पॉवर सप्लाय जळालेला असतो, तर कधी मदरबोर्ड निकामी झालेला असतो. हार्ड डिस्क मात्र पुष्कळदा शाबूत असते. अशा वेळी ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकात बसवावी आणि काम पुढे चालू करावे, हा विचार सहजच सुचतो. एका टेबलाचा खण काढून दुसऱ्या टेबलात सरकवावा तितके हे सोपे असावे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मात्र काळ्या पडद्यावर एखादी इंग्रजी ओळ उमटून यंत्र थबकते, किंवा निळा पडदा क्षणभर दिसून ते पुन्हा पुन्हा सुरू होत राहते. मग डिस्कच खराब झाली, असा निष्कर्ष काढण्यात येतो.

हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. एवढेच असते तर फारसे बिघडले नसते; परंतु त्यावर विसंबून जे उपाय घाईघाईने केले जातात, त्यांनीच डिस्कवरील सामग्रीचा नाश ओढवतो. डिस्क निरोगी असते, तिच्यावरील लेखन जसेच्या तसे असते; ते नष्ट होते ते दुरुस्तीच्या नावाखाली केलेल्या फॉर्मॅटमुळे किंवा पुनःस्थापनेमुळे. शब्दसंग्रह, क्षेत्रपाहणीच्या नोंदी, प्रयोगांची मापने, हस्तलिखितांच्या संपादित प्रती अशा ज्या सामग्रीची दुसरी प्रत अस्तित्वात नाही, तिच्या बाबतीत ही चूक भरून निघण्यासारखी नसते. म्हणून हा विषय केवळ दुरुस्तीच्या दुकानाचा न मानता संशोधकानेही समजून घेणे इष्ट आहे. संगणक बूट होताना नेमके काय घडते, डिस्कचे स्थलांतर झाल्यावर त्या प्रक्रियेत कोठे खंड पडतो, आणि पडद्यावरील लक्षणावरून तो खंड कसा ओळखावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचन मुख्यतः आयबीएम पीसीच्या परंपरेतील संगणकांपुरते मर्यादित आहे; कारण आपल्याकडील बहुतेक जुनी यंत्रे त्याच परंपरेतील आहेत.

२. बूट होणे : हस्तांतरांची मालिका

वीज सुरू होते तेव्हा संगणकाच्या स्मृतीत कार्यप्रणालीचा एकही अंश नसतो. कार्यप्रणाली डिस्कवर असते. आणि डिस्कवरून फाइल वाचण्याची विद्या तर त्या कार्यप्रणालीलाच अवगत असते. ही अडचण सोडविण्यासाठी एक लहान आज्ञावली तिच्याहून मोठी आज्ञावली स्मृतीत आणते, ती आणखी मोठी आणते, आणि प्रत्येक जण आपले काम पुऱ्या झालेल्या सूत्रधाराप्रमाणे पुढच्याच्या हाती सूत्रे देऊन बाजूला होतो. १९८१ साली आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीपासून ही मालिका स्थूलमानाने सारखीच राहिली. तिच्यात पाच टप्पे दिसतात.

पहिल्या टप्प्यात मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम साठविलेली बायॉस ही आज्ञावली डिस्क जोडलेली आहे की नाही हे पाहते. दुसऱ्या टप्प्यात ती डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, स्मृतीत आणते. हा सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. त्यापैकी पहिल्या ४४६ बाइटांच्या जागेत आज्ञावली असते, पुढील ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटांच्या चार पार्टिशनांची नोंद असते, आणि अखेरच्या दोन बाइटांत ५५ व एए ही खूण असते. ही मांडणी १९८३ साली हार्ड डिस्कसह आलेल्या पीसी एक्सटीबरोबर व डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर रूढ झाली. तिसऱ्या टप्प्यात मास्टर बूट रेकॉर्ड चार नोंदींपैकी सक्रिय म्हणून खूण केलेले पार्टिशन शोधतो व त्याच्या आरंभीचा बूट सेक्टर वाचतो. चौथ्या टप्प्यात बूट सेक्टर लोडर नावाच्या आज्ञावलीला आणतो, आणि लोडर कार्यप्रणालीचा गाभा व काही निवडक ड्रायव्हर स्मृतीत आणून ठेवतो. या क्षणापर्यंत डिस्कवरील सारे वाचन बायॉसच्या मध्यस्थीने झालेले असते. पाचव्या टप्प्यात मात्र गाभा बायॉसचा निरोप घेतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरच्या बळावर तीच डिस्क पुन्हा नव्याने वाचू लागतो.

या पाचही टप्प्यांकडे स्थलांतराच्या दृष्टीने पाहिले, तर एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. डिस्क आणि यंत्र यांचा संबंध केवळ एका केबलचा नसतो. यंत्राविषयीचे काही ज्ञान डिस्कवर नोंदलेले असते; उदाहरणार्थ, कंट्रोलर कोणता आणि त्याचा ड्रायव्हर कोणता. उलटपक्षी डिस्कविषयीचे काही ज्ञान यंत्रात साठविलेले असते. उदाहरणार्थ, डिस्कचे सेक्टर कोणत्या रीतीने मोजावयाचे, किंवा कोणत्या फाइलपासून आरंभ करावयाचा. डिस्क हलविली म्हणजे पहिल्या प्रकारचे ज्ञान खोटे ठरते आणि दुसऱ्या प्रकारचे ज्ञान मागे राहते. स्थलांतरानंतरचा जवळजवळ प्रत्येक दोष या दोहोंपैकी एका वर्गात बसतो. पुढील विवेचनात हे सूत्र वारंवार आढळेल.

३. डिस्क दिसतच नाही

बायॉसच्या सेटअपमध्ये डिस्कचे नाव दिसत नसेल, तर कार्यप्रणालीचा विचार करण्याचे कारणच नाही; दोष पहिल्याच टप्प्यात आहे. आयडीई पद्धतीच्या जुन्या डिस्कांना रुंद पट्टीसारखी ४० पिनांची केबल लागते, आणि एका केबलवर दोन डिस्का बसतात. त्यांपैकी मास्टर कोण व स्लेव्ह कोण हे डिस्कच्या मागील बाजूस असलेल्या लहानशा जंपरने ठरते. जुन्या यंत्रात स्लेव्ह म्हणून वावरलेली डिस्क नव्या यंत्रात एकटीच बसविली, किंवा एकाच केबलवर दोन मास्टर आले, तर डिस्क दिसेनाशी होते अथवा दुसरीलाही घेऊन बुडते. काही डिस्कांना तर एकटे असताना एक आणि सोबत स्लेव्ह असताना दुसरी अशी जंपरची स्वतंत्र स्थाने असतात. जंपरचा तक्ता डिस्कवरील लेबलावरच छापलेला असतो. तो वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.

डिस्क जुनी आणि यंत्र सुमारे दशकभर अलीकडचे असेल, तर आयडीईची जोडणीच त्या यंत्रात नसते व ॲडॉप्टर वापरावा लागतो. यूएसबी ॲडॉप्टरमधून डिस्क वाचता येते. पण तिच्यावरील विंडोज एक्सपी त्या मार्गाने बूट होईल अशी अपेक्षा धरू नये. यूएसबीच्या काही पेट्यांचा आणखी एक विशेष सांगितला पाहिजे. मोठ्या डिस्कांचे ५१२ बाइटांचे सेक्टर त्या ४०९६ बाइटांचे म्हणून संगणकापुढे मांडतात. अशा पेटीत असताना २५६ व्या सेक्टरापासून पार्टिशन सुरू होते अशी नोंद झाली असेल, तर त्याचा खरा आरंभ १०,४८,५७६ व्या बाइटाशी असतो. तीच डिस्क पेटीतून काढून थेट मदरबोर्डला जोडली की संगणक २५६ ला ५१२ ने गुणतो आणि १,३१,०७२ व्या बाइटाशी पार्टिशन शोधू लागतो. तेथे अर्थातच काही सापडत नाही, आणि डिस्क फॉर्मॅट करावी काय, असा प्रश्न पडद्यावर येतो. डिस्कवरील एकही अक्षर बदललेले नसते. बदललेली असते ती मोजण्याची काठी.

४. मोजणीचा घोळ

मोजण्याची काठी बदलण्याचा हा प्रकार नवा नाही. १९९० च्या दशकातील यंत्रांत तो वेगळ्या रूपाने आढळतो, आणि त्या काळातील डिस्का बूट न होण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. त्या वेळी डिस्कवरील जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन अंकांनी सांगत. बायॉसच्या पद्धतीत सिलिंडर जास्तीत जास्त १०२४ असू शकत, तर डिस्कच्या जोडणीच्या पद्धतीत हेड जास्तीत जास्त १६ असू शकत. दोन्ही बंधने एकदम पाळली, तर १०२४ × १६ × ६३ सेक्टर, म्हणजे सुमारे ५२ कोटी ८५ लाख बाइट एवढीच डिस्क वापरता येई. डिस्का याहून मोठ्या होऊ लागल्या तेव्हा बायॉसच्या कर्त्यांनी एक युक्ती योजिली. सिलिंडर कमी आणि हेड जास्त, २५५ पर्यंत, असे काल्पनिक आकडे कार्यप्रणालीला सांगावयाचे आणि आतल्या आत त्यांचे रूपांतर करावयाचे. या रूपांतराच्या नॉर्मल, लार्ज आणि एलबीए अशा निरनिराळ्या रीती होत्या, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या बायॉसांत त्यांचे तपशील भिन्न होते.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सेक्टरचा सलग क्रमांक काढण्याचे सूत्र असे : सिलिंडरला हेडांच्या एकूण संख्येने गुणावे, त्यात हेडचा क्रमांक मिळवावा, त्या बेरजेस ६३ ने गुणावे, आणि सेक्टरच्या क्रमांकातून एक वजा करून तो मिळवावा. समजा, जुन्या यंत्रात १६ हेडांची मोजणी होती आणि तीच संख्या पार्टिशनच्या बूट सेक्टरमध्ये नोंदलेली आहे. बूट सेक्टरला १०,३९५ व्या सेक्टरमधील मजकूर हवा आहे. तो आपल्या नोंदीप्रमाणे सिलिंडर १०, हेड ५, सेक्टर १ अशी मागणी करतो. नवे यंत्र २५५ हेडांनी मोजत असेल, तर याच मागणीचा अर्थ १,६०,९६५ वा सेक्टर असा होतो. वाचन बिनचूक होते, परंतु भलत्याच जागेचे होते.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. मोजणीच जर बदलली, तर बूट सेक्टर तरी कसा सापडला? त्याचे उत्तर असे की, त्या काळच्या डिस्कांवर पहिले पार्टिशन बहुधा सिलिंडर ०, हेड १, सेक्टर १ येथून सुरू होई. सिलिंडर शून्य असल्यामुळे हेडांची एकूण संख्या १६ असो की २५५ असो, गुणाकार शून्यच येतो आणि दोन्ही मोजणींत तो ६३ वा सेक्टरच ठरतो. म्हणून मालिकेतील पहिली तीन हस्तांतरे सुरळीत पार पडतात आणि चौथ्याशी यंत्र अडते. विंडोज २००० आणि एक्सपी यांच्या डिस्कांवर अशा वेळी ‘अ डिस्क रीड एरर ऑकर्ड’ ही ओळ दिसते. ती वाचून कोणीही डिस्क नादुरुस्त ठरवील. वास्तविक, बायॉसच्या सेटअपमध्ये डिस्कची रीत लार्जऐवजी एलबीए, किंवा एलबीएऐवजी लार्ज, एवढा एकच पर्याय बदलल्याने ती डिस्क पुष्कळदा बूट होते.

डिस्क हलविलीच नसतानाही हाच दोष उद्भवू शकतो. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की सेटअपमधील निवडी पुसल्या जातात आणि मूळचे ठरीव पर्याय परत येतात. यंत्राच्या ठिकाणी असलेले डिस्कविषयीचे ज्ञान असे नाहीसे होते. घड्याळ मागे पडले असेल आणि त्याच सुमारास बूट होणे थांबले असेल, तर प्रथम बॅटरी बदलावी.

या काळातील डिस्कांविषयी दोन इशारे आवश्यक आहेत. जुन्या बायॉसला मोठी डिस्क वापरता यावी म्हणून ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझेड-ड्राइव्ह यांसारखी आज्ञावली मास्टर बूट रेकॉर्डमध्ये बसविण्याची प्रथा होती. अशी डिस्क त्या आज्ञावलीला वगळून वाचली, तर पार्टिशनांची नोंद विस्कळीत दिसू शकते. आणि मास्टर बूट रेकॉर्ड नव्याने लिहिण्याचा रूढ उपाय केला, तर ती आज्ञावलीच पुसली जाते. दुसरा इशारा उलट दिशेच्या स्थलांतराचा आहे. २८ बिटांच्या जुन्या पत्त्यांनी सुमारे १३७ अब्ज बाइटांपलीकडे जाता येत नाही. विंडोज एक्सपीला ही मर्यादा ओलांडणारी ४८ बिटांची पद्धत २००२ सालच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून मिळाली. याहून मोठी डिस्क ही पद्धत न जाणणाऱ्या यंत्रात बसवून तिच्यावर लेखन केले, तर मर्यादेपलीकडचे लेखन डिस्कच्या आरंभी येऊन पडण्याचा धोका असतो.

५. ड्रायव्हरचा अभाव

विंडोजची खूण दिसू लागते आणि मग निळ्या पडद्यावर ०एक्स००००००७बी हा अंक येतो, हे एक्सपीच्या डिस्कांचे सर्वांत परिचित लक्षण होय. याचा अर्थ चार टप्पे यशस्वी झाले आणि पाचव्यात खंड पडला. लोडरने बायॉसच्या साहाय्याने गाभा वाचला. गाभ्याने बायॉसला निरोप दिला. आणि मग त्याच्या असे लक्षात आले की, ज्या डिस्कवरून आपण आलो ती वाचण्याचा ड्रायव्हरच आपल्याजवळ नाही. नदी ओलांडल्यावर होडी सोडून द्यावी आणि पुढे रस्ताच नसावा, तशी ही अवस्था आहे.

एक्सपीच्या रजिस्ट्रीत कोणत्या कंट्रोलरसाठी कोणता ड्रायव्हर आरंभीच सुरू करावा याची यादी असते. कंट्रोलर त्याच्या निर्मात्याच्या व नमुन्याच्या क्रमांकावरून ओळखला जातो. नव्या यंत्रातील कंट्रोलरचा क्रमांक त्या यादीत नसला की वरील दोष उद्भवतो. जुने यंत्र अजून चालू असेल, तर यावरील उपाय अत्यंत सोपा आहे : डिस्क काढण्यापूर्वी डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरचा विशिष्ट ड्रायव्हर बदलून ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई कंट्रोलर’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर निवडावा आणि यंत्र बंद करावे. जुने यंत्र मेलेलेच असेल, तर नव्या यंत्राच्या सेटअपमध्ये साटा कंट्रोलरची रीत एएचसीआयऐवजी आयडीई करून पाहावी. तेही न जमल्यास डिस्कच्या प्रतीवरील रजिस्ट्री दुसऱ्या संगणकातून उघडून यादीत आवश्यक नोंदी घालाव्या लागतात, किंवा एक्सपीच्या सीडीवरून दुरुस्ती-स्थापना करावी लागते.

विंडोज ७ मध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर डिस्कवर असतोच. परंतु स्थापनेच्या वेळी तो लागला नसेल, तर तो आरंभी सुरू होऊ नये अशी नोंद झालेली असते. एमएसएएचसीआय या सेवेच्या नोंदीतील स्टार्ट हा अंक शून्य केला की काम भागते. विंडोज ८ पासूनच्या आवृत्त्यांत सेफ मोडमध्ये एकदा बूट केल्याने ड्रायव्हरची जुळवणी बहुधा आपोआप होते. ड्रायव्हरचा प्रश्न सुटूनही एक्सपी सुरुवातीलाच निमूटपणे थबकत असेल, तर हॅल या थराकडे पाहावे. गाभा आणि यंत्र यांच्यामधील हा थर स्थापनेच्या वेळी यंत्राच्या प्रकारानुसार निवडला जातो. एसीपीआय पद्धतीच्या यंत्रावरील निवड ती पद्धत नसलेल्या यंत्रावर चालत नाही.

लिनक्सच्या बाबतीत हा प्रश्न एकंदरीने सौम्य आहे, कारण बहुतेक ड्रायव्हर गाभ्याबरोबरच येतात. तथापि तेथेही दोन ठिकाणी अडचण संभवते. गाभ्यासोबत स्मृतीत येणाऱ्या इनिटरॅमएफएस या प्राथमिक संचात काही वितरणे केवळ चालू यंत्राला लागणारे ड्रायव्हर ठेवतात. फेडोराची रीत अशी आहे. म्हणून तिच्या बूट-यादीत सर्व ड्रायव्हर असलेली एक रेस्क्यू नोंद ठेवलेली असते, आणि डिस्क हलविल्यावर प्रथम ती निवडून पाहणे श्रेयस्कर. डेबियन मुळातच बहुतेक ड्रायव्हर संचात घालते. दुसरी अडचण नावांची. जुन्या लिनक्समध्ये आयडीई डिस्केला एचडीए म्हणत. नंतरच्या गाभ्यांत तिलाच एसडीए म्हणू लागले. फाइलप्रणालींची यादी या नावांनी लिहिलेली असेल, तर गाभा सुरू होतो पण मूळ फाइलप्रणाली सापडत नाही. यादी यूयूआयडी या स्थिर ओळखक्रमांकांनी लिहिलेली असल्यास हा प्रसंग येत नाही.

६. यूईएफआयचा काळ

गेल्या दशकातील संगणकांत बायॉसची जागा यूईएफआय या फर्मवेअरने घेतली, आणि त्याबरोबर बूट होण्याचे तत्त्वही पालटले. यूईएफआय पहिला सेक्टर आंधळेपणाने चालवीत नाही. डिस्कवरील एका फॅट फाइलप्रणालीच्या पार्टिशनमधील विशिष्ट फाइल ती उघडते. आणि ती फाइल कोणती, ही नोंद मदरबोर्डवरील कायम स्मृतीत असते. म्हणजेच पूर्वी जे ज्ञान डिस्कवर होते ते आता यंत्राकडे गेले. डिस्क हलविली की नोंद मागे राहते, आणि सर्व फाइली जागच्या जागी असूनही नवे यंत्र बूट करण्याजोगे काही नाही असे सांगते. यासाठी ईएफआय या फोल्डरातील बूट या उपफोल्डरात बूटएक्स६४ या नावाची फाइल असल्यास नोंदीवाचूनही ती शोधली जाते. अशी फाइल नसेल, तर लोडरची प्रत त्या नावाने तेथे ठेवावी, किंवा फर्मवेअरच्या सेटअपमधून नवी नोंद करावी.

जुन्या पद्धतीची डिस्क नव्या यंत्रात चालावी म्हणून यूईएफआयमध्ये सीएसएम नावाचा एक अनुकूलक भाग असे. २०२० पर्यंत आपल्या यंत्रांतून तो काढून टाकण्याचा मनोदय इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केला होता, आणि अलीकडच्या अनेक यंत्रांत तो आढळत नाही. अशा यंत्रात विंडोज एक्सपीची डिस्क थेट बूट करण्याचा प्रयत्न व्यर्थ होय.

सुरक्षेच्या नव्या सोयींनी आणखी एक बंधन आणले आहे. बिटलॉकरने कूटबद्ध केलेल्या डिस्कची किल्ली सामान्यतः मदरबोर्डवरील टीपीएम चिपच्या स्वाधीन असते. डिस्क हलविली की चिप मागे राहते आणि ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागितली जाते. ती नसेल तर सामग्री वाचण्याचा दुसरा मार्ग नाही. येथे निदानाला वाव नाही. वाव आहे तो केवळ आधीच्या सावधगिरीला. अनेक नव्या संगणकांत हे कूटबद्धीकरण वापरणाऱ्याच्या लक्षातही न येता चालू झालेले असते. म्हणून प्रत्येक विभागाने आपल्या संगणकांच्या या किल्ल्या आजच नोंदवून ठेवाव्यात.

७. निदानाचा क्रम

येथवरच्या विवेचनावरून कार्यपद्धती निश्चित करता येईल. तिची पहिली पायरी तांत्रिक नाही. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे प्रथम ठरवावे. केवळ फाइली हव्या असतील, तर बूट करण्याची मुळीच गरज नाही. डिस्क दुय्यम म्हणून जोडून फाइली उतरवून घ्याव्यात. जुनी कार्यप्रणाली आणि तिच्यातील आज्ञावल्या हव्या असतील, तरच बूट करण्याचा खटाटोप करावा.

दुसरी पायरी डिस्कची प्रकृती पाहण्याची. स्मार्ट नोंदीतील ५ व १९७ या क्रमांकांचे आकडे शून्याहून अधिक असतील, तर डिस्कचे काही सेक्टर खरोखरच निकामी झाले आहेत किंवा होण्याच्या मार्गावर आहेत. केवळ १९९ हा क्रमांक वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती तत्काळ बंद करून तज्ज्ञाच्या स्वाधीन करावी.

तिसरी पायरी संपूर्ण डिस्कची सेक्टरन् सेक्टर प्रत घेण्याची. जीएनयू डीडीरेस्क्यू ही आज्ञावली या कामी उत्तम. ती प्रथम सुस्थितीतील भाग वाचून घेते, अवघड भागांकडे मागाहून वळते, आणि कोठवर वाचन झाले याची नोंद ठेवते. ही प्रत लिनक्सच्या एखाद्या बूट होणाऱ्या पेन ड्राइव्हवरून घ्यावी. विंडोज चालू असलेल्या संगणकाला जोडलेल्या डिस्कवर काही नोंदी आपोआप होऊ शकतात, आणि चेकडिस्क सुरू झाल्यास खराब डिस्कची स्थिती अधिकच बिघडते. प्रत झाल्यावर मूळ डिस्क काढून ठेवावी. मूळ आणि प्रत एकदम एकाच विंडोज यंत्राला जोडू नये. दोहोंची डिस्क-सही एकच असल्यामुळे विंडोज एकीची सही बदलू शकते, आणि मग ती प्रत बूट होईनाशी होते.

यानंतरच्या साऱ्या पायऱ्या प्रतीवर कराव्यात. सेटअपमध्ये डिस्क दिसते काय, येथून आरंभ करून मालिकेतील कोणत्या हस्तांतराशी यंत्र थांबले हे लक्षणावरून ठरवावे. डिस्क दिसत नसेल, तर जंपर, केबल व कंट्रोलर. डिस्क दिसते पण बूट करण्याजोगे काही सापडत नाही असा संदेश येतो, तर सक्रिय पार्टिशनची खूण, बायॉस व यूईएफआय यांतील विसंगती, अथवा मागे राहिलेली नोंद. वाचनातील चुकीचा संदेश येतो आणि स्मार्ट नोंद निर्दोष आहे, तर मोजणीची रीत. विंडोजची खूण दिसून निळा पडदा येतो, तर ड्रायव्हर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदललेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवावी. प्रयोगशाळेतील हा नियम येथेही तितकाच लागू आहे.

पुष्कळदा सर्वांत शहाणपणाचा मार्ग खऱ्या यंत्राचा नाद सोडून देण्याचा असतो. क्यूईएमयू किंवा व्हर्च्युअलबॉक्स यांसारखी आज्ञावली जुन्या इंटेल कंट्रोलरचे सोंग हुबेहूब वठविते. डिस्कची प्रत त्या आभासी यंत्राला दिली, तर एक्सपीला परिचयाचा कंट्रोलर भेटण्याची शक्यता पुष्कळ वाढते. शिवाय हे आभासी यंत्र जाळ्यापासून अलग ठेवता येते. एक्सपीचे सुरक्षाविषयक साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले असल्यामुळे तिला इंटरनेटला जोडू नये.

८. बूट झाल्यानंतर

मराठीच्या अभ्यासकाला या प्रश्नाची आणखी एक बाजू विसरता येणार नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. पण ती आपल्या नित्य वापरात येण्यास बराच काळ लागला. मधल्या वर्षांत मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा साधनांनी टंकलिखित होत असे. त्या फाइली नव्या संगणकावर उघडल्या आणि मूळ फाँट नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांची अर्थहीन रास दिसते. डॉसच्या काळातील जिस्ट कार्ड तर मदरबोर्डवरील खाचेत बसे; डिस्क हलविली तरी कार्ड जुन्या यंत्रातच राहते. काही आज्ञावल्यांना प्रिंटरच्या जोडणीवर लावलेले हार्डवेअर लॉकही लागे. म्हणून जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्याच्या आत आणि पाठीमागे काय जोडलेले आहे हे पाहून ते जपून ठेवावे.

फाइली उतरविताना फाँटच्या फाइलीही उतरवाव्यात. इस्की संकेतातील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर तुलनेने सुलभ असते, कारण युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. फाँटवर आधारलेल्या मजकुराला मात्र प्रत्येक फाँटगणिक निराळे कोष्टक लागते, आणि फाँट हरवला तर ते कोष्टक तयार करणे फार दुष्कर होते. जुनी कार्यप्रणाली बूट करण्याचा खटाटोप ज्या थोड्या प्रसंगी सार्थ ठरतो, त्यांपैकी हा एक होय : मूळ आज्ञावलीत मजकूर कसा दिसत होता हे पाहूनच रूपांतर बरोबर झाले की नाही याचा पडताळा घेता येतो.

तात्पर्य असे की, दुसऱ्या यंत्रात बूट न होणारी डिस्क ही बहुतेक वेळा मुकी असते, मृत नसते. तिच्यावर लिहिलेले यंत्राचे वर्णन नव्या यंत्राशी जुळत नाही, किंवा तिच्याविषयीची माहिती जुन्या यंत्रातच राहिली आहे, एवढाच त्या मौनाचा अर्थ. कोणता अर्थ लागू आहे हे ठरविण्यास थोडा वेळ लागतो. तोवर डिस्कवर काहीही लिहू नये.